चार मिनिटांची सुजाता

"हा घ्या मास्तर. तीन भिंगं, अस्सल परदेशी माल," असं म्हणून मी शोकेसमधला सगळ्यात महागडा मूव्ही कॅमेरा तायडे मास्तरांच्या हातात दिला. त्यांनी तो तान्ह्या बाळासारखा दोन्ही हातांनी धरला आणि लगेच परत केला.

साठ सालानंतरची गोष्ट. अमरावतीच्या एका फोटो स्टुडिओत मी रिटचिंग करायची. रिटचिंग म्हणजे निगेटिव्हवर बारीक पेन्सिल फिरवून गिऱ्हाइकाच्या तोंडावरचे देवीचे व्रण बुजवायचे. काउंटरही सांभाळायची. वय बावीस. कॅमेऱ्यांचे कॅटलॉग पाठ होते, म्हणून आपल्याला सगळं कळतं अशी माझी समजूत होती. मूव्ही कॅमेरा एकदाही चालवलेला नव्हता, ही बाब मला किरकोळ वाटायची. माझ्या नाती हे ऐकून हसतात. हसू द्या.

मास्तर दर्यापूरजवळच्या खेड्यात शिकवायचे. बायको आठ महिन्यांपासून अकोल्याला क्षयाच्या दवाखान्यात. लहान मुलांना आत न्यायची बंदी. त्यांची सव्वा वर्षाची मुलगी सुजाता आजीजवळ राहायची.

"फोटो नेऊन दाखवा ना," मी म्हटलं.

"नेला होता बाई. ते म्हणते, फोटोले काय करू? पोट्टी चालते कशी ते मले पाहाचं हाय. न्हाई तर मी घरी येते. डाक्टर म्हणतात अजून सहा महिने औषध पायजे, मधात सोडलं तर सारं पाण्यात."

सायकल विकून त्यांनी पैसे आणले होते. तीन भिंगांच्या निम्म्यालाही ते पुरत नव्हते. तरी मी सुनावलंच, "स्वस्तातल्या कॅमेऱ्यात चित्र धूसर येतं. थोडं थांबा, आणखी जमवा." बाई दवाखान्यातून उठून यायच्या बेतात, आणि मी म्हणते थांबा!

आमचे मालक अण्णा डार्करूमच्या दारात उभे राहून ऐकत होते. एरवी मला 'तू' म्हणायचे, टोमणा मारायचा असला की 'तुमी'.

"सुमनबाई, तुमचा तो लाटसाहेब घ्या आन् मागच्या अंगणात या. त्या कोंबडीवर फोकस धरा."

फोकस म्हणजे भिंगाचं कडं फिरवून अंतर जुळवणं. ते जुळलं तरच चित्र स्वच्छ. कोंबडी सहा फुटांवर होती. मी सहा जुळवले, तर ती बारावर. बारा जुळवले, तर ती माझ्या पायाशी. शेवटी ती शेजाऱ्यांकडे निघून गेली आणि भिंगात नुसतं कुंपण उरलं.

"कोंबडी बसून राहिली असती तर जमलं असतं," मी म्हटलं.

"आन् पोट्टी बसून राहते काय?"

अण्णांनी कपाटातून जुनी, डब्यासारखी दिसणारी वस्तू काढली. एकच भिंग, कडं नाहीच. पाच फुटांपलीकडचं सगळं बऱ्यापैकी स्वच्छ येणार. बाजूला एक चकती, ऊन की ढग एवढंच लावायचं. घड्याळासारखी किल्ली दिली की कॅमेरा अर्धं मिनिट चालतो.

"मास्तर, हा तुमच्या सायकलीत बसते," अण्णा म्हणाले. मास्तर पहिल्यांदाच हसले.

परदेशी मालाच्या टंचाईमुळे दुकानात रील एकच होती. दोन मिनिटं चालवायची, काढून उलटी लावायची, मग आणखी दोन मिनिटं. "मास्तर शिकेपर्यंत रील संपन," अण्णा मला म्हणाले. "तूच जाय."

रविवारी एसटीने गेले. अंगणात सगळे नटून तयार. सुजाताला नवा फ्रॉक, नवे बूट, गालावर काजळाचा ठिपका. मी किल्ली दिली, डोळा लावला आणि स्टुडिओतल्या सवयीने ओरडले, "कोणी हलू नका!"

कोणी हललं नाही. मास्तर सावधान. आजीने नातीला कडेवर घट्ट आवळून धरलं. कॅमेरा घरघरत होता आणि चित्र किती स्थिर येतंय म्हणून मी खूश! चार वेळा किल्ली दिली, चारही वेळा बजावलं, "हलू नका."

अर्धी रील संपली. मास्तर हळूच म्हणाले, "बाई, मंग याच्यात आन् फोटोत फरक काय?"

मला तिथेच रडू येणार होतं. घरात अंधाऱ्या कोपऱ्यात जाऊन रील उलटी लावली. बाहेर आले आणि म्हटलं, "आजी, तिला खाली सोडा. आणि सगळ्यांनी हवं तेवढं हला."

सुजाता निघाली. पडली, उठली, बकरीच्या मागे गेली, बकरी अंगावर उलटली तशी परत पळाली. मी पदर खोचून तिच्यामागे. शेवटी तिला कॅमेराच हवा झाला. ती हात पुढे करून थेट भिंगावर आली, आणि रील संपली.

रील धुवायला मुंबईला गेली. तिसऱ्या आठवड्यात आली. सिनेमा येतोय, एवढ्या एका शब्दावर मास्तरांनी बायकोला थोपवून धरलं होतं. डॉक्टरांनी परवानगी दिली. स्टुडिओचा प्रोजेक्टर घेऊन आम्ही अकोल्याला गेलो आणि वॉर्डच्या भिंतीवर चादर लावली.

पहिली दोन मिनिटं मास्तरांच्या बायको, वच्छलाबाई, खोकला येईपर्यंत हसल्या. "हे काहून फाशी देल्यावानी उभे हाय?"

मग सुजाता चालू लागली. बाई ताठ उठून बसल्या.

"अवो, बूट उलटे हाय तिचे! डाव्यातला उजव्यात! कोणाचं ध्यान हाय का न्हाई पोट्टीकडे?"

अंगणात आम्ही एवढी माणसं होतो. कोणाला दिसलं नव्हतं.

शेवटी चादरभर तो पुसट चेहरा आला. मी म्हटलं, "माफ करा, इथे जरा धूसर आलंय."

"धूसर कुठं? मले तर सारं दिसून राहिलं. आणखी एकडाव लावा."

चार वेळा लावली. मग त्यांनी डॉक्टरांना विचारलं, "सहाच महिने ना? वर एक दिवस राहणार न्हाई, सांगून ठेवते."

सहा महिने राहिल्या. घरी गेल्यावर सुजाता त्यांना ओळखेना, दोन दिवस जवळ आली नाही. तिसऱ्या दिवशी बूट घालून घ्यायला आली.

तेव्हापासून लेकरासाठी कॅमेरा घ्यायला कोणी आलं की मी आधी विचारायची, मूल बसतं की पळतं? बसत असेल तर साधा फोटो काढून घ्या, खर्चात पडू नका. अण्णांना हा सल्ला धंद्याच्या दृष्टीने फारसा पसंत नव्हता.