मधुकररावांची चाळणी

मधुकरराव गभणे आसगावच्या हायस्कुलात एकतीस वर्षं लिपिक होते. मी तिथेच विज्ञान शिकवायचो. कागद हरवला, असं त्यांच्या काळात एकदाही झालं नाही. वीस वर्षांपूर्वी शाळा सोडलेल्या पोराचा दाखला मागा, मधुकरराव कपाट उघडायचे आणि हात बरोबर त्याच गठ्ठ्यावर पडायचा. याची त्यांना घमेंड होती आणि मी ती तोंडावर बोलून दाखवायचो. निवृत्तीनंतर तीच घमेंड घरच्या कॉम्प्युटरसमोर येऊन बसली.

कॉम्प्युटर विनोदचा. विनोद त्यांचा थोरला मुलगा, नागपूरला कंपनीत होता. करोनाच्या दुसऱ्या लाटेत गेला. त्याचा देह गावात आला नाही, सामान आलं. त्यात हा कॉम्प्युटर होता. सुशीलाबाई, म्हणजे विनोदची आई, त्याच्यावर रोज फडकं फिरवतात.

धाकटी मोना. तिला मोहाडी तालुक्यात करडीला दिली, प्रविण काटेखायेला. घर खातंपितं, धानाची शेती, जावई बोलायला गोड. मोना जवळच्याच एका खाजगी कॉलेजच्या ऑफिसात काम करायची. लग्नाला तीन वर्षं झाली होती. मागच्या पोळ्याला ती माहेरी आली, तेव्हा बापाला तलावाच्या पाळीवर घेऊन गेली आणि म्हणाली, "बाबा, फोन हे स्पीकरवर टाकून आयकतात. फोनवर मी मजेत आहो असंच म्हणीन, ते खरं समजू नका. लयच झालं तं कॉलेजातून मेल करीन. मेल आला का मले न्याले या."

हे मला मधुकररावांनीच सांगितलं. पोरीनं बांगड्या वर सारून काय दाखवलं, ते मात्र त्यांच्या तोंडून निघेना. सांगता सांगता त्यांनी स्वतःचंच मनगट धरलं. मी विचारलं, मग तेव्हाच का ठेवून घेतली नाही? त्यांचं म्हणणं, लेक स्वतः बोलावेल तेव्हा जाऊ. बोलावल्याशिवाय जावयाच्या दारात उभं राहून लेक मागायची, असं आमच्यात कोणी करत नाही. मी मान हलवली. शिकलेला माणूस मी, पण मान हलवली. त्याचा मला आजही राग येतो.

तेव्हापासून मधुकरराव रोज सकाळी आंघोळ करून मेल उघडायला लागले. उघडला की नुसता कचरा. लॉटरी लागली, कर्ज मंजूर झालं, केस उगवायचं औषध. परदेशातल्या कुण्या विधवेला आपली सारी इस्टेट आसगावच्या निवृत्त लिपिकालाच द्यायची होती. मी हसायचो. मधुकरराव हसत नसत. या ढिगाऱ्यात मोनाचा मेल दबला तर, ही एकच भीती त्यांना खात होती. म्हणून त्यांनी चाळण्या लावायला सुरुवात केली. एक एक शब्द धरून नियम करायचा, तो शब्द दिसला की मेल बाहेर. ते बदमाश शब्दाच्या मध्ये टिंब टाकायचे. मधुकरराव टिंबासकट नवा नियम करायचे. दिवाळीपर्यंत शे-सव्वाशे नियम झाले. डबा बराचसा स्वच्छ दिसू लागला आणि त्यांच्या चेहऱ्यावर कपाट उघडतानाचं जुनं तेज आलं.

मग विनोदच्या नावाने मेल यायला लागले.

त्याचं जुनं खातं कुणीतरी फोडलं असावं. मेलचा पत्ता दर वेळी वेगळा, नाव मात्र तेच, विनोद मधुकर गभणे. आत इंग्रजीत दोन ओळी. माझे नवे फोटो पाहा. मी अडचणीत आहे, उत्तर द्या. पहिला मेल आला त्या दिवशी मधुकररावांनी मला बोलावून आणलं. मी समजावलं, हे चोराचं काम आहे, उघडू नका, उत्तर देऊ नका. ते त्यांना पटलं. सुशीलाबाईंना पटेना. सातवीपर्यंत शिकलेल्या त्या, इंग्रजी अक्षरं लावता येतात. मुलाचं नाव त्यांनी लावून वाचलं.

"चोर असन," त्या म्हणाल्या. "पण नाव तं त्याचंच आहे ना जी? काय पायजे त्याले, विचारून तं पाहा."

माणूस गेला की त्याची काही इच्छा राहिली का, हे आपण विचारतोच. कावळा पिंडाला शिवेना की घरातले सगळे हात जोडून एक एक गोष्ट कबूल करतात. विनोदच्या वेळी तेही झालं नव्हतं. बाईंच्या डोक्यात ते राहिलं होतं. त्यांच्या हट्टापायी मधुकररावांनी मला न विचारता उत्तर धाडलं, 'आपण कोण?' घर जागं आहे हे चोराला कळलं. दुसऱ्या दिवशी विनोदच्या नावाने अकरा मेल आले.

बाईंचं जेवण सुटलं. त्या कॉम्प्युटरसमोर पाट टाकून बसू लागल्या. मेल स्पॅमच्या खणात टाकले, तर माउस धरून तिथे जाऊन उघडायलाही शिकल्या. शेवटी पौषात एका दुपारी मी मधुकररावांना म्हटलं, खणात नको, थेट कचरापेटीत जाऊ द्या. तिथे वहिनी जाणार नाहीत आणि तीस दिवसांनी सगळं आपोआप पुसलं जातं. हा सल्ला माझा होता.

पत्ता रोज बदलायचा, म्हणून नियम नावावर करावा लागणार होता. मी म्हटलं, विनोद लिहा. मधुकररावांनी बोटं कळफलकावर ठेवली आणि उचलली.

"त्याचं नाव कसा टाकू जी, सर? मीच पुसून टाकू पोराले?" मग ते म्हणाले, "माह्यं नाव टाकतो. मधुकर. मोनाच्या नावामांगं आता प्रविण लागते. माह्यं नाव लावणारा विनूच होता."

मला ते पटलं. नुसतं पटलं नाही, माझे डोळे भरून आले. पाठवणाऱ्याच्या नावात मधुकर असेल तर मेल कचरापेटीत, असा नियम आम्ही दोघांनी मिळून लावला. त्याच दिवसापासून विनोद यायचा थांबला. बाई चारसहा दिवस रडल्या आणि मग जेवायला लागल्या. मधुकरराव रोज सकाळी मेल उघडत, मोनाचा नाही हे पाहत आणि म्हणत, चला, पोरगी सुखात आहे.

होळी आठ दिवसांवर होती. पेन्शनच्या कागदाचा एक मेल सापडत नव्हता, म्हणून मी कचरापेटी उघडली. विनोद मधुकर गभणे, विनोद मधुकर गभणे, अशी ओळीनं रांग. मी भराभर खाली जात होतो. मधुकररावांनी माझा हात धरला. रांगेत तळाशी नाव होतं, मोना मधुकर गभणे.

मोनाचं खातं लग्नाआधीचं, ती शिकत असताना विनोदनंच उघडून दिलेलं. रेशनकार्डावर तिचं नाव बदललं, आधारवर बदललं. खात्यावर बदलायचं कुणाला सुचलंही नव्हतं. एकतीस वर्षं दाखल्यांवर नावं लिहिलेल्या माणसाला सुचलं नाही आणि मलाही सुचलं नाही.

मेल अठ्ठावीस दिवसांपूर्वीचा होता. 'बाबा, दोन मेल केले. जवाब नाही आला. तुमी येत नाही, समजलं मले. आईले सांगू नका. आता नाही लिहीन.'

आधीचे दोन पुसले गेले होते. त्यांत काय लिहिलं होतं हे आता कधीच कळणार नाही. मधुकररावांनी ते शोधण्यात तास घालवला. मग ते उठले, भिंतीकडे तोंड करून उभे राहिले आणि त्यांनी स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली. मी त्यांना धरलं नाही. मला माझीच लाज वाटत होती.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, आम्ही दोघं करडीला गेलो. प्रविण घरीच होता. त्यानं खुर्च्या मांडल्या, पाया पडला, होळीच्या आधीच कसे काय आले म्हणून विचारलं. मोना पाणी घेऊन आली. डोक्यावरचा पदर तिनं डाव्या कानाखाली घट्ट खोचला होता आणि डाव्या बाजूनं बोललं की तिला ऐकू येत नव्हतं. मधुकररावांनी पाण्याचा गडू हातात घेतला आणि त्यांना राहवलं नाही.

"बाई, तुहा मेल मले कालच दिसला व. चाल, सामान घे."

प्रविणनं मोनाकडे पाहिलं. "कोणता मेल?" त्यानं अगदी शांतपणे विचारलं.

वाटेत आम्ही सगळं ठरवून आलो होतो. आधी गोड बोलायचं, आई आजारी आहे म्हणायचं, पोरीला एस.टी.त बसवायचं, मग पुढचं पुढे. मेलचं नाव काढायचं नाही, हेही ठरलं होतं. मोना म्हणाली, मी कायी नाही केला, बाबाले भास होते. मग मी बोललो, हात जोडले, पोलिसांचं नाव काढलं. प्रविण हसून म्हणाला, तिलेच विचारा ना. मोना खाली पाहून म्हणाली, मी मजेत आहो. तिला हाताला धरून ओढून आणायला हवी होती. आम्ही दोन म्हातारे अंगणात नुसते उभे राहिलो.

फाटकापर्यंत ती सोडायला आली. प्रविण दहा पावलांवर होता. ती बापाला हळूच म्हणाली, "तवा आले असते तं निघाली असती, बाबा. आता पाय नाही निघत." मधुकरराव तिला चाळणीचं, नियमाचं, नावाचं सांगू लागले. तिनं ते ऐकलं की नाही कोण जाणे. ते तिच्या डाव्या बाजूला उभे होते.

सोमवारी मी तिच्या कॉलेजात फोन केला. तिथल्या बाईंनी सांगितलं, मोनानं काम सोडलं, शनिवारी तिच्या मिस्टरांनी स्वतः येऊन कागद दिला. म्हणजे ज्या कॉम्प्युटरवरून ती लिहू शकत होती, तोही गेला. मी मधुकररावांना अजून हे सांगितलेलं नाही. त्यांनी सगळे नियम काढून टाकले आहेत. रोज सकाळी दीड-दोनशे मेल येतात आणि ते एक एक उघडून वाचतात.