एकही लेंडी न टाकता गेलेली मेंढरं

शुगरची गोळी घ्यायची, वर कडक उपवास धरायचा आणि सुनेला "खाल्लं गं पोटभर" असं सांगून सतरा किलोमीटर चालायला निघायचं... एवढा मूर्खपणा एका सकाळी एकटीनं करून दाखवणारी बाई म्हणजे मी. तेव्हा लहान होते – एकसष्ट वर्षांची! आता सत्तरीला टेकल्यावर त्या शहाणीची लई कीव येते.

आधीच सांगते, असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. आमच्या मुरुम गावात गल्लीतल्या एकीच्या अंगात आलं, सगळ्या पाया पडत होत्या, आणि मी विचारलं, "माझी कात्री कुठं ठेवलीय तेवढं सांगा." ती बाई अजून माझ्याशी बोलत नाही. कात्रीही सापडली नाही.

तर, मुलगा जर्मनीत नोकरीला. सून मेघा चालण्याची शौकीन. फ्रान्सच्या सीमेवरून स्पेनच्या पार पश्चिमेला, एका संताच्या समाधीपर्यंत जाणारी हजारेक वर्षांची जुनी वाट आहे. जगभरातले लोक पाठीला सॅक लावून ती महिना महिना चालतात. मेघा म्हणाली, "आई, त्यातले आठ दिवस आपण दोघी चालू." शेतात जन्म गेलेला – मला कोण चालायला शिकवणार! लगेच हो म्हणाले.

पाचव्या दिवशी मंगळवार आला. भवानीचा मंगळवार मी लग्नापासून धरत होते. देवीनं कधी मागितला नव्हता हो, मीच मिरवत होते. मेघाला कळलं असतं तर तिनं जबरदस्तीनं खाऊ घातलं असतं, म्हणून मुक्कामाच्या धर्मशाळेतला टोस्ट मी गुपचूप तिथल्या कुत्र्याला घातला.

त्या दिवशीचा टप्पा अवघड. कॅरियॉन नावाचं गाव सोडलं की सतरा किलोमीटर मधे गावच नाही. दोन्हीकडं कापणीला आलेला गहू, वाट पट्टीनं आखल्यासारखी सरळ, सावलीचं नाव नाही. वाटेत मेघाच्या टाचेला फोड आला, ती पट्टी लावायला बसली. "तुम्हा तरण्यांसाठी थांबले तर मला इथंच म्हातारपण येईल," असा टोमणा मारून मी पुढं निघाले. ग्लुकोजचा डबा तिच्या सॅकमध्ये.

साडेदहा वाजले असतील. आधी हात थरथरायला लागले. मग घामानं ब्लाउज भिजला, ओठ बधिर झाले. मी वाटेच्या कडेला बसले नाही, पडलेच. हाक मारायला तोंड उघडलं तर आवाज निघेना. गहू पिवळा दिसत होता, तो पांढरा दिसायला लागला. स्वच्छ कळलं – आपण इथं मरणार, आणि जन्मभर बोल मात्र मेघाला लागणार.

तेवढ्यात घंटा ऐकू आल्या. मेंढरं! शंभरेक तरी असतील. तोच उग्र वास, तीच धूळ, आपल्याकडं रानात खतासाठी बसवतात तशीच. मागं एक बाई – काळा झगा, डोक्यावर गवती टोपी, हातात काठी. ती माझ्यापुढं उकिडवी बसली आणि रागानं म्हणाली, "उपाशी चालायला कुणी सांगितलं होतं?" कोणत्या भाषेत म्हणाली, देवाशपथ आठवत नाही. झग्याच्या खिशातून सुकं अंजीर काढलं, माझी हनुवटी धरली आणि भरवलं. एक... दोन... तीन. मी गिळेपर्यंत हनुवटी सोडली नाही. मग उठली आणि मेंढरं घेऊन त्याच वाटेनं मागं, मेघा येत होती तिकडं गेली.

पंधरा-वीस मिनिटांनी मेघा आली. मला खाली बसलेली बघून धावलीच.

"एवढी मेंढरं गेली, तुला बाजूला व्हावं लागलं असेल," मी म्हणाले.

"कसली मेंढरं, आई? सरळ तर वाट आहे. तुमच्याशिवाय काही दिसलं नाही मला."

मी शेतकऱ्याची बाई. उठून आधी वाट बघितली. शंभर मेंढरं जातात आणि एक लेंडी पडत नाही? एक खूर उमटत नाही? धुळीत नुसते बुटांचे ठसे – आमचे आणि इतर यात्रेकरूंचे.

मग मात्र मी सगळं कबूल केलं. गोळी, मंगळवार, कुत्रा, ती बाई आणि तिची अंजिरंही. मेघानं मशीन काढून बोट टोचलं. साखर एकशे अठरा! "उपाशीपोटी, गोळी घेऊन, एवढं चालून?" ती पुटपुटली. मग म्हणाली, "तोंड उघडा." माझ्या दातांत अंजिराच्या बिया अडकल्या होत्या. आमच्या दोघींच्या सॅकमध्ये अंजीर नव्हतं.

घरी आल्यावर आमचे डॉक्टर म्हणाले, "आजी, साखर उतरली की भास होतात."

"व्हय, मान्य," म्हटलं. "पण मग चढवली कुणी? भासानं?"

त्यांनी चष्मा पुसला आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

मला अजून उत्तर मिळालेलं नाही, आणि आता मी शोधतही नाही. तुम्हाला सुचलं तर खाली लिहा. मी मंगळवारी पोटभर जेवते आणि त्या बाईला मनातल्या मनात हात जोडते. तिच्यामुळं पुढं दोन नातवंडांची लग्नं बघितली.

पण त्या दिवशी तिथंच, माझ्या बुटांच्या नाड्या बांधता बांधता, मान वर न करता मेघा जे बोलली ते शब्द न् शब्द लिहिते:

"ती कोण का असंना, आई. तिनं केलं ते काम माझं होतं. पुढच्या वेळी मला करू द्या."