गाठ मारलेला घास

केडगावात आमच्या गल्लीत छबूबाईंच्या दोरीवर लुगड्यांपेक्षा दुधाच्या पिशव्याच जास्त वाळत असतात. धुऊन, उलट्या करून टांगलेल्या. तेलाची, फरसाणाची पाकिटंसुद्धा. सुकली की भंगारवाल्याला. वर म्हातारी दारोदार जाऊन दम देते, "शिळं पिशवीत बांधून फेकू नका. शिळं येगळं ठेवा, पिशवी मला द्या." लोक पाठीमागे हसतात. मला त्यांचा राग येतो, कारण काय घडलं ते सगळ्यांना ठाऊक आहे.

गावी, खर्ड्याला असताना गाईला घास घातल्याशिवाय छबूबाई स्वतः जेवत नसत. मुलाकडे, अमृतकडे, इथे राहायला आल्या तरी नेम मोडला नाही. पण इथे दारात गोठा नाही. शेजारच्या गोरक्षनाथांची कपिला सकाळी मोकळी सुटायची, आपल्या दारी कधी येईल त्याचा भरवसा नसायचा. गाईला द्यायचं ते स्वच्छ असावं, धूळ-मुंग्या लागू नयेत, म्हणून बाई घास कॅरीबॅगेत घालून, गाठ मारून फाटकाशी ठेवायच्या. जागा रिकामी दिसली की हात जोडायच्या. गाईने घास खाल्ला, रिकामी पिशवी वाऱ्याने उडाली असेल, असंच धरून चालायच्या.

गेल्या उन्हाळ्यात कपिला फुगली, खाणं सोडलं. डॉक्टरांनी पोट उघडलं तर आत पिशव्यांचा गोळा, कित्येकींच्या गाठी तशाच. गाय वाचली नाही.

"मावशी, सगळ्या गल्लीनं टाकल्यात. तुमी एकट्याच न्हाई," गोरक्षनाथ म्हणाले.

"गल्लीनं घाण म्हणून टाकल्या. म्या देव म्हणून चारल्या."

त्या दिवसापासून घास बंद झाला. गाव सुटलं, शेत सुटलं, एवढी एकच गोष्ट बाईंनी खर्ड्याहून सोबत आणली होती. तीही गेली, आणि भक्तीपायी गेली, याचं मला फार वाईट वाटतं.

परवा गोरक्षनाथ नवी कालवड घेऊन छबूबाईंच्या दारात उभे राहिले. "हिला मोकळी सोडनार न्हाई. रोज इथं आनतो, तुमी हातानं घाला."

छबूबाई आतून ताजी भाकरी घेऊन आल्या. कालवडीने मान पुढे केली. बाईंचा हात अर्ध्यावरच थांबला. भाकरी त्यांनी गोरक्षनाथांच्या हातावर ठेवली.

"तुमीच घाला," म्हणाल्या. "माझ्या हातचं तिला नको."