वखारीतला टाकळा

हे मी आजवर कुणापाशी बोललेले नाही. नवऱ्यापाशी नाही, आईपाशी नाही, आमच्या जैन स्थानकात साध्वीजींपुढे बसले तेव्हाही नाही. तुमची-माझी ओळख नाही, म्हणून तुमच्याशी बोलणं सोपं जाईल — निदान मला तसं वाटतंय.

आमचं दुकान घोडेगावच्या पेठेत. घराणं मूळचं मारवाडातलं, पण इथं मुरल्यावर घरात मारवाडी बोली उरली ती फक्त सासूबाईंच्या रागात. व्यापार हिरड्याचा. तळेघरकडची माणसं डोंगरातून हिरडा आणत, आम्ही तो वाळवून, निवडून मुंबईला धाडत असू. गंमत बघा — मुलखाचं पोट साफ करणारं औषध आमच्या वखारीत पोत्यांनी भरलेलं, आणि मालकाच्या थोरल्या सुनेचं पोट मात्र तीन-तीन दिवस साफ होत नसे!

ती सून मी. विशीतच अशी सुटले होते की बसल्यावर उठायला भिंत धरावी लागे. तुपात बुडवलेली बाटी, लाडू, वर दुपारची झोप — दुसरं काय होणार? जेवण झालं की पोट तट्ट फुगायचं. पेठेतल्या बायका पाठीमागे हसायच्या. मला कळायचं, रडूही यायचं.

पावसाळ्यात तळेघरची ठकाबाई घोडेगावातल्या आपल्या बहिणीकडे राहून आमच्याकडे हिरडा निवडायला येई. एकदा मी पोट धरून पोत्यावर बसलेली पाहून ती म्हणाली, "बाय, पोट न्हाई बिघडलं तुझं, ताट बिघडलंय. टाकळ्याची भाजी खा, नाचणीची भाकर खा. आमच्यात हाय का कुनाला ढेरी? लई चालतो आमी, आन् खातो त्ये असलं."

तिनं फडक्यातली भाकरी माझ्यापुढे केली. वर टाकळ्याची भाजी.

आता अडचण सांगते. चातुर्मास चालू होता. पावसाळ्यात पाल्यात जीवजंतू असतात, म्हणून आमच्यात चार महिने पालेभाजी वर्ज्य. मी साध्वीजींपुढे हात जोडून तसा नेम घेतलेला. आणि टाकळा उगवतो तो नेमका पावसाळ्यातच. शिवाय ठकाबाईच्या हातचं — सासूबाईंना कळतं तर त्यांनी मला माहेरची वाट दाखवली असती. तरी मी खाल्लं. एक दिवस नव्हे, दोन महिने. वखारीच्या मागच्या कोपऱ्यात, पोत्यांच्या आडोशाला. घरात तूप नको म्हणू लागले, सूर्य मावळायच्या आत चिमूटभर हिरडा गरम पाण्यातून घेऊ लागले.

पोट हलकं झालं. अंगही उतरलं.

पण खाल्लं हे सांगायला मी बसलेली नाही. ते पाप असेल तर माझं मी फेडीन. जे सांगायचंय ते पुढे आहे — आणि मी अजून त्याच्याभोवती घुटमळतेय, नाही का?

चातुर्मासातच आमचं पर्युषण पर्व येतं, त्यात मी अठाई केली. आठ दिवस फक्त उकळलेलं पाणी. ती खरी केली, त्यात लबाडी नव्हती. पारण्याच्या दिवशी मला वाजतगाजत पेठेतून नेलं. लोकांनी माझी उतरलेली काया पाहिली आणि म्हणाले, तपाचं बळ! साध्वीजींनी प्रवचनात माझं नाव घेतलं. सासूबाईंनी स्वतः मला मुगाचं पाणी पाजलं. ज्या बायका हसायच्या त्या माझ्या पाया पडल्या. किती गोड वाटलं म्हणून सांगू! मी गप्प राहिले.

माझी धाकटी जाऊ चंपा. माझ्याहून लठ्ठ, माझ्याहून भोळी, आणि पोटाचं दुखणं तेच. दुसऱ्या वर्षी पर्युषणाच्या आदल्या दिवशी ती माझ्याजवळ आली. "जाऊबाई, खरं सांगा, उपासानंच झालं ना?"

मी म्हणाले, "हो."

हेच ते. एवढाच शब्द.

ती आधीच अशक्त होती, जुलाबाचं औषध घेऊन घेऊन. अठाईच्या सहाव्या दिवशी स्थानकाच्या पायऱ्यांवर कोसळली. दोन दिवस तिनं कुणाला ओळखलं नाही. बायका म्हणत, काय श्रद्धा बाई हिची! मी तिच्या पायाशी बसून होते. तेव्हा तरी बोलायचं? नाही बोलले. माझी इज्जत मला तिच्या जिवाहून मोठी वाटली. लिहून ठेवते, तसंच होतं.

ती वाचली. मग मी तिला नाचणीची पेज दिली, ताजं ताक दिलं, हिरड्याची चिमूट दिली. कुणी विचारलं तर मी म्हणायचे, माझ्या आईचं औषध. ठकाबाईचं नाव तिथंही घेतलं नाही. पालेभाजीवाचूनही चंपा वर्षभरात सडसडीत झाली, म्हणजे माझा नेम मोडायचीही गरज नव्हती! पुढे तिला मुलगी झाली, मणी. चंपा आजही सगळ्यांना सांगते, अर्धवट राहिलेली अठाईच मला फळली.

मणी आता सतरा वर्षांची. बाळंत होऊन माहेरी आलीय, तान्हं अंगावर पितंय. पोट सुटलंय, जेवण पचत नाही. काल हसत म्हणाली, "मोठी काकी, परवापासून मीपण अठाई घेणार. आई झाली, तुम्ही झालात, मीपण बारीक होईन."

आत्म्यासाठी उपास करायचा तर तान्ह्याचं दूध तुटल्यावर खुशाल करावा. पण पोट उतरवायला? आणि माझ्या शब्दावर?

आज सकाळी मी ठकाबाईला निरोप धाडला. म्हातारी झाली, पण तिचे पाय अजून डोंगर चढतात. नाचणी घेऊन आली. माजघरात, सगळ्यांदेखत, मी तिला पाटावर बसवलं. चंपा माझ्याकडे बघतच राहिली. मी म्हटलं, उद्या सांगते.

मणीला वाचता येतं. अनोळखी माणसासाठी म्हणून लिहायला घेतले, पण उद्या ती स्थानकात जायला निघेल, त्याआधी हे कागद तिच्याच हाती देणार आहे. तिनं ते आईसमोर मोठ्यानं वाचावेत. वाचून होईपर्यंत मी तिथून उठणार नाही.