कुठला कार्तिक?

विठ्ठलराव सामंत गेल्याचं पत्र मला धनत्रयोदशीच्या दुपारी मिळालं. ट्रंक भरून तयार होती. भाऊबीज झाली की हावड्याहून मुंबईची गाडी, तिथून बोटीनं मालवण, सगळं ठरलं होतं... आणि ज्यांच्याकडे जायचं, ते पंधरा दिवसांपूर्वीच गेले होते.

गार्डन रीचच्या रेल्वे कचेरीत आम्ही बारा वर्षं शेजारी बसलो. मी पुण्याहून आलेला, ते नवव्या वर्षी मालवण सोडून कलकत्त्यात मामांकडे वाढलेले. माणूस अबोल, पण मालवणचा विषय निघाला की सुटायचा. दर सुट्टीला मी विचारायचो, "येऊ का तुमच्या गावाला?" त्यावर नकारच. वैशाखात घामानं जीव जातो. आषाढात बोटीच बंद. भाद्रपदात किल्ल्याच्या पायऱ्यांवर शेवाळ, पाय घसरला तर थेट समुद्रात. "कार्तिकात या, जोशी," ते म्हणायचे. "समुद्र निवलेला असतो. होडीतून किल्ल्यावर नेतो तुम्हाला."

गुढीपाडवा ते हमखास विसरत, पण बंगाली नववर्षाला संदेश मिठाईचा पुडा घेऊन दारात हजर. "सामंत, तुमचं पंचांग बाटलं हो!" असं मी चिडवायचो आणि ते खळखळून हसायचे. निवृत्तीनंतर छातीच्या दुखण्यानं खचले, बहिणीकडे मालवणला गेले. ऐन पावसाळ्यात त्यांचं पत्र आलं. "आता फार दिवस नाहीत. कार्तिकात नक्की या. एकदा तुम्हाला किल्ला दाखवला की सुटलो." मी उलट टपाली कळवलं, कार्तिकात येतो.

बहिणीनं आता लिहिलं होतं, "दादा रोज म्हणायचा, कार्तिक लागला, जोशी येतील. आम्ही सांगितलं, अरे, अजून आश्विन आहे. ऐकेना. बोटीची वेळ झाली की खुर्ची धक्क्यावर न्यायला लावायचा. उतरणाऱ्या प्रत्येकाला विचारायचा, जोशी आले का..."

पत्र हातात घेऊन मी घरमालकांच्या भिंतीवरचं बंगाली कॅलेंडर पाहिलं. बंगाल्यांचा कार्तिक लागून सव्वीस दिवस झाले होते. आमचा अजून तीन दिवसांवर होता. म्हणजे तोच कार्तिक धरून दहा-अकरा दिवस सामंतांनी धक्क्यावर माझी वाट पाहिली. बारा वर्षं ज्यावरून त्यांना चिडवलं, ते नेमकं हवं तेव्हा मला आठवलं नाही. ही चूक त्यांची नव्हे, माझी. याचं मला फार वाईट वाटतं.

मी मालवणला गेलो नाही. हल्ली कचेरी सुटली की पाय आपोआप नदीच्या घाटाकडे वळतात. पलीकडून फेरीबोट येऊन लागते, माणसं उतरतात, मी एकेकाचं तोंड निरखत राहतो. कशासाठी, ते घरी विचारतात. परवा एका नावाड्यानंही विचारलं, "कार जन्ये दाँडिये आछेन, बाबू?" कुणासाठी उभे आहात...

माझ्या तोंडून निघून गेलं, "जोशींसाठी."