बोअरवरचा स्लॅब

मे महिन्यातल्या एका सकाळी आमच्या बोअरचा पंप बंद पडला. बटण दाबलं की स्टार्टर क्षणभर घुरघुरायचा आणि खटकन उडायचा. मोटर जळाली हे मलाही कळलं. मी शिकवते त्या शाळेला सुट्टी लागलेली, नवरा फॅक्टरीत गेलेला, तेव्हा हे काम माझ्याकडे आलं.

शाळेतल्या एका मैत्रिणीनं नुकताच पंप बदलून घेतला होता. तिचं घर शहराच्या टोकाला, रिछाईच्या बाजूला, मोकळ्या प्लॉटवर. तिच्याकडून मी गोहलपुरच्या मिस्त्रीचा नंबर घेतला आणि तिला किती लागले तेही विचारून ठेवलं. पंप तसाच, बोअरची खोली जवळपास तेवढीच, मिस्त्रीही तोच. मग आपल्यालाही तेवढेच लागतील असं मला वाटलं.

मिस्त्रीनं फोनवर पंपाचं काहीच विचारलं नाही.

"घर किधर है, दीदी?"

"अधारताल."

"मेन रोड पे, कि अंदर?"

"अंदर."

"गली में गाड़ी घुस जाएगी?"

"स्कूटर घुसेगी," मी म्हटलं.

"और बोर खुले में है ना? ऊपर छत तो नहीं है?"

"है," मी म्हटलं.

तिकडून एक लांबलचक "अच्छा…" आला. त्या एका शब्दात आमचा खर्च वाढला, हे मला तिथल्या तिथे समजलं.

ती छत आमची नाही, माझ्या मोठ्या दिरांची. खालचा मजला आमचा, वरचा त्यांचा, बोअर दोघांचा. काही वर्षांपूर्वी त्यांना वरच्या स्वयंपाकघरामागे बाल्कनी पाहिजे होती, वॉशिंग मशीन ठेवायला. मागच्या अंगणावर, बरोबर बोअरच्या डोक्यावर त्यांनी स्लॅब टाकला. सळ्या बांधून राहिले होते तेव्हाच मी विचारलं होतं, "भाऊजी, बोअरवर काहून टाकून राहिले? उद्या पंप काढायचा झाला तर?" ते हसले होते. "पंप काय रोज काढायचा असतो का?"

मिस्त्री आला, दोन माणसं घेऊन. अंगणात उभा राहून त्यानं बोअरकडे पाहिलंच नाही, वर पाहिलं. पंप लोखंडी पाइपांना लटकलेला असतो, एकेक पाइप वीस फूट. तीन पायांची उंच लोखंडी तिपाई उभी करून, साखळीनं ते सरळ वर ओढत काढायचे. आमच्या अंगणात दहा फुटांवर स्लॅब. दोनच मार्ग होते. एक तर प्रत्येक पाइप तुकडे तुकडे करून काढायचा, म्हणजे जुने सगळे पाइप भंगारात आणि नवे विकत. नाहीतर स्लॅबला भोक पाडायचं.

त्यानं दोन्हीचा भाव सांगितला. पाइप कापायचे तर मैत्रिणीच्या दुप्पट. भोक पाडून दिलं तर कमी, पण तरीही तिच्यापेक्षा बराच जास्त. मी चिडले. "पंप तोच ना, भैया?"

"पंप वही है, दीदी. जगह वही नहीं है. ट्रायपॉड सर पे ढोकर लाएँगे चौराहे से."

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं, म्हणून मी आणखीच चिडले. खोटं असतं तर भांडता तरी आलं असतं.

संध्याकाळी मी आणि नवरा वर गेलो. भाऊजी कूलरसमोर बसले होते. सरकारी नोकरीत वरच्या जागेवर आहेत, घरातही तसेच बोलतात. सगळं ऐकून म्हणाले, "स्लॅबला हात लावायचा नाही. टाइल्स फुटतील."

"मग पाइप कापायचा जास्तीचा खर्च?" मी विचारलं.

"पंप खाली आहे. खालच्यांनी बघावं."

"पाणी तर वर पण जातं, भाऊजी."

"तुझ्या मैत्रिणीला जेवढे लागले, त्याच्या अर्धे मी देतो. गल्लीचे आणि स्लॅबचे जास्तीचे माझ्याकडून नाही मिळणार."

हे तो माणूस म्हणत होता, ज्यानं ती छत बांधली. मी नवऱ्याकडे पाहिलं. तो चपला शोधून राहिला होता. जिन्यात म्हणाला, "जाऊ दे ना. मोठे आहेत." मी त्याला मागे टाकून खाली उतरले.

मी काम थांबवून ठेवलं. मुद्दाम. दुप्पट पैसे देऊन त्यांचा स्लॅब वाचवायचा नव्हता मला. पालिकेचं पाणी सकाळी थोडा वेळ बारीक धारेनं येतं, ते गल्लीतल्या आमच्या नळाला; वर चढत नाही. बाकी टँकर. त्रास भाऊजींना होईल असं मला वाटलं होतं. त्यांना काय होणार? ते आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून ऑफिसला जायचे. बादल्या जिना चढायच्या त्या माझ्या जाऊबाईंच्या हातून. त्यांचे गुडघे दुखतात. प्रत्येक पायरीवर बादली टेकवत, भिंत धरत त्या जायच्या, आणि मी खालून पाहत राहायचे. कधी मी बादली घेतली, कधी मुलीला पाठवलं, पण राग काही हलेना. एक दिवस तो त्यांच्यावरच निघाला.

"ताई, तुम्ही तरी बोला ना त्यांना! तुमच्याच घरात पाणी नाही आणि तुम्ही गप्प बसून राहिल्या!"

त्यांनी बादली खाली ठेवली, पदरानं तोंड पुसलं. मग तीच बादली उचलून पुढची पायरी चढल्या. मला वाटलं, झालं, आता ह्याही माझ्याशी बोलणार नाहीत.

दुसऱ्या दिवशी भाऊजी ऑफिसला गेल्यावर वर ठोकाठोकी सुरू झाली. मी धावत जिना चढले. बाल्कनीत धूळच धूळ. वॉशिंग मशीन स्वयंपाकघरात ओढून ठेवलेली, एक गवंडी छिन्नी-हातोडा घेऊन टाइल्स उखडत होता आणि जाऊबाई डोक्याला टॉवेल बांधून त्याला बोटानं जागा दाखवत होत्या. बोअर नेमका कुठे येतो ते त्यांनी वरून दोरी सोडून मापून घेतलं होतं. मला न सांगता.

"मिस्त्रीला फोन कर," त्या म्हणाल्या. "आजच ये म्हणावं."

दुपारी भाऊजी जेवायला आले. उखडलेल्या टाइल्स, लोंबकळणाऱ्या सळ्या, खाली दिसणारं आमचं अंगण. त्यांचा चेहरा पाहून गवंड्यानं हातोडा थांबवला.

"कोणाला विचारून?" ते ओरडले.

"पाणी तुम्ही भरता का?" जाऊबाई म्हणाल्या. आवाज चढवला नाही. मग गवंड्याला म्हणाल्या, "भैया, आप चालू रखिए."

भाऊजी न जेवता निघून गेले. चौराह्यापासून डोक्यावर वाहून आणलेली तिपाई त्या बाल्कनीत उभी राहिली, आणि आमचे पाइप जाऊबाईंच्या स्वयंपाकघराच्या दारासमोरून एकेक करत वर आले, गंजलेले, चिखलानं माखलेले. संध्याकाळी नवा पंप सुरू झाला. मिस्त्रीनं गल्लीचे वेगळे, वरच्या मजल्यावर काम केल्याचे वेगळे लावलेच. गवंड्याचे जाऊबाईंनी आपल्या साठवणीतून दिले. भाऊजींनी मैत्रिणीच्या खर्चाचे अर्धे दिले, अगदी तेवढेच, टेबलावर ठेवून.

पुढच्या महिन्यात त्यांच्याकडे पाहुणे आले होते, ऑफिसमधले. मी चहाला वर गेले होते. बाल्कनीतल्या भोकावर बसवलेल्या लोखंडी झाकणाकडे बोट दाखवून भाऊजी सांगत होते, "बोअरसाठी मी आधीच जागा सोडून ठेवली. लोक विचार करत नाहीत, मग दुप्पट खर्च येतो."

मी कप खाली ठेवला. "ते भोक ताईंनी पाडून घेतलं, भाऊजी," मी सगळ्यांसमोर म्हटलं. "तुम्ही तर न जेवता निघून गेले होते."

जाऊबाई ट्रे घेऊन आत गेल्या.

घरी आल्यावर नवरा म्हणाला, "पाहुण्यांसमोर बोलायची काय गरज होती?"

"तुमचा भाऊ आहे," मी म्हटलं. "बोलायला तुम्ही पाहिजे होतं, आणि तेव्हाच. स्लॅब टाकला तेव्हा तुम्ही काय केलं? रोज सकाळ-संध्याकाळ वर जाऊन त्याच्यावर पाणी मारत होते. याच बोअरचं पाणी."

तो दिवाणावर बसला आणि पंखा मोठा केला. मी तो परत कमी केला.