ढाब्याच्या दारातला कोंबडा

भाजलेल्या खोबऱ्याचा वास आला की मला कनेरगाव नाक्यावरचा तो ढाबा आठवतो आणि डोकं तापतं. रानात दिवसभर किडे टिपत सावकाश वाढलेला माझा तांबडा गावरान कोंबडा ढाबेवाल्यानं पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, रश्शासाठी म्हणून नेला होता. दिवाळीनंतर तिथं गेले, तर तोच कोंबडा दारात खुंटीला बांधलेला. दोरी पायात रुतलेली, पिसं झडलेली. “ह्याला काहून बांधलं?” मी विचारलं. “गिऱ्हाइकाला दाखवायला, ताई,” तो हसला. “ताटात ब्रॉयलरच जातं, तरी लोक गावरान म्हणून बोटं चाटून राहिले.” “कापायला दिला होता मी, बांधायला न्हाई!” म्हणत मी दोरी तोडली आणि कोंबडा काखोटीला मारून निघाले. कोंबडे मी आजही विकते, पण जिवंत एकही देत नाही. माझ्या दारात कापायचा, मगच न्यायचा.